बिनहुकाचं विमान आणि चिठ्ठीतला एक तास: 'मिडवे'वरच्या एका उतरणीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाचं

२९ एप्रिल १९७५ रोजी दक्षिण चीन समुद्रात 'मिडवे' या अमेरिकी विमानवाहू जहाजावर एक विमान उतरलं. ते तिथे उतरण्यासाठी बनलेलं नव्हतं, उतरवणारा आयुष्यात कधी जहाजावर उतरला नव्हता आणि दोन आसनांच्या त्या विमानात सात माणसं होती: दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलातला एक मेजर, त्याची बायको आणि पाच लहान मुलं.

प्रसंग गाजलेला असल्यामुळे मुख्य दोघांची नावं लपवण्यात अर्थ नाही. मेजर बुआंग-ली आणि जहाजाचे कप्तान लॉरेन्स चेंबर्स. बाकीची माणसं इथे हुद्द्यानेच येतील. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलण्याच्या दृश्यापाशी रमतात. दृश्य आहेही तसं. मला मात्र या प्रकरणाचा कणा दुसरीकडेच दिसतो, तो एका चिठ्ठीत. तिच्याकडे ओघाने येऊच.

पार्श्वभूमी

एप्रिल संपत आला तेव्हा उत्तर व्हिएतनामचं सैन्य दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉनच्या वेशीवर होतं. २९ तारखेच्या पहाटे तान सोन न्हुत विमानतळावर तोफा-रॉकेटांचा मारा झाला आणि मोठ्या विमानांनी लोकांना बाहेर काढायचा बेत बारगळला. उरली हेलिकॉप्टरं. 'ऑपरेशन फ्रीक्वेंट विंड' सुरू झालं: शहरातून माणसं उचलायची, समुद्रात उभ्या जहाजांवर आणून सोडायची आणि परत फिरायचं.

'मिडवे' ही त्यातली एक मोठी थांबण्याची जागा. हे जहाज दुसरं महायुद्ध संपल्यावर आठ दिवसांनी, १० सप्टेंबर १९४५ ला सेवेत आलेलं, पुढे दोनदा मोठी डागडुजी होऊन तिरप्या डेकचं (म्हणजे उतरायची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेशी कोन करून असलेलं) झालेलं. या कामगिरीसाठी त्याने आपली निम्मी लढाऊ विमानं फिलिपिन्समधल्या सुबिक बे इथे उतरवून ठेवली होती आणि त्या जागी हवाई दलाची दहा थोराड हेलिकॉप्टरं घेतली होती. हे लक्षात ठेवायला हवं. त्या दिवशी 'मिडवे'चा डेक विमानं उतरवण्यासाठी मांडलेलाच नव्हता. तो हेलिकॉप्टरांचा तळ होता.

त्यात बिनबोलावलेले पाहुणे आले. दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाचे वैमानिक 'ह्यूई' हेलिकॉप्टरांत बायकापोरं, शेजारीपाजारी कोंबून, इंधनाचा काटा तळाला गेलेला असताना, दिसेल त्या जहाजाकडे झेपावत होते. एकेक ह्यूई टेकायची, माणसं उतरायची आणि डेकवर आणखी एका रिकाम्या हेलिकॉप्टरची अडगळ व्हायची. या मोहिमेत एकट्या 'मिडवे'वर तीन हजारांहून जास्त माणसं आली.

कप्तान चेंबर्स जहाजावर रुजू होऊन काही आठवडेच झाले होते. अमेरिकी विमानवाहू जहाजाचे ते पहिले कृष्णवर्णीय कप्तान. वैमानिक म्हणून तरुणपणी त्यांनी 'स्कायरेडर' चालवलेलं. पंख्याचं, शेपटाखाली छोटं चाक असलेलं विमान. हा तपशील मुद्दाम देतो आहे. पुढे उपयोगी पडेल.

पेच

मेजर बुआंग-लींनी कोन सोन बेटावरून उड्डाण केलं. मेकाँगच्या मुखाजवळच्या किनाऱ्यापासून हे बेट साधारण ८० किलोमीटरवर. जमिनीवरून होणारा गोळीबार चुकवत ते समुद्राकडे वळले. समुद्रावर हेलिकॉप्टरं जिकडे जाताना दिसली तिकडे आपणही जायचं, कारण ती कुठे तरी टेकणारच, एवढाच नकाशा. त्या मागावर त्यांना 'मिडवे' दिसलं.

विमान होतं सेस्ना 'बर्ड डॉग'. वरून टेहळणी करायचं, तोफांना आणि लढाऊ विमानांना नेम दाखवायचं हलकं यंत्र. २१३ अश्वशक्तीचं एक इंजिन, ११ मीटरचे पंख, एकामागे एक दोन आसनं, न मिटणारी चाकं. पूर्ण भरल्यावर साधारण अकराशे किलो, म्हणजे आजच्या एखाद्या छोट्या मोटारीएवढं वजन. रेडिओवर जहाजाशी बोलणं काही जमत नव्हतं. 'मिडवे'वरून आणीबाणीच्या वारंवारतांवर हाका मारून झाल्या, उत्तर नाही. उतरण्याचे दिवे लावून विमान जहाजाभोवती घिरट्या घालत राहिलं.

इथे जहाजावर उतरण्याबद्दल थोडं सांगायला हवं. गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात जाणं झालं तर तिथल्या 'अलिझे' विमानाच्या शेपटाखाली वाकून बघा. तिथे पोलादी हुक आहे. आपल्या जुन्या 'विक्रांत'वर अलिझे आणि सी हॉक उतरायचे ते या हुकाच्या भरवशावर. डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असतात, हुक त्यातला एक पकडतो आणि दोराचं दुसरं टोक गुंतलेलं यंत्र विमानाची ओढ गिळून टाकतं. मुंबईत 'विक्रांत' संग्रहालय होती तेव्हा ज्यांनी तिच्या डेकवर चालून पाहिलं त्यांना आठवत असेल, फिरायला तो डेक ऐसपैस वाटतो, पण धावपट्टी म्हणून पाहिलं की काहीच नाही. हुक नसेल तर थांबायचं कशाच्या जोरावर?

बर्ड डॉगला हुक नव्हता. शिवाय ते दोर डेकला चिकटून नसतात, हुकाला मिळावेत म्हणून काही इंच उचललेले असतात. जेट विमानाची जाड चाकं त्यावरून सहज जातात. बर्ड डॉगची चाकं त्या मानाने खेळण्यातली. ज्या दोरांनी बाकीच्यांना वाचवायचं, ते या विमानाला अडखळवून नाकावर पाडू शकत होते.

त्यातून उतरायला जागाच नव्हती. तिरपा डेक ह्यूईंनी भरलेला.

चिठ्ठी

मेजर जहाजावरून अगदी खालून गेले आणि एक चिठ्ठी टाकली. वारा ती समुद्रात घेऊन गेला. पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला चिठ्ठी डेकवर राहिली. मोडक्या इंग्रजीतल्या त्या मजकुराचा मराठीत आशय असा:

ही हेलिकॉप्टरं दुसऱ्या बाजूला हलवाल का? मी तुमच्या धावपट्टीवर उतरू शकतो. मी अजून एक तास उडू शकतो, हलवायला पुरेसा वेळ आहे. कृपा करून मला वाचवा. मेजर बुआंग, बायको आणि पाच मुलं.

ही चिठ्ठी मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी तिच्या क्रमाचं नवल वाटतं. जिवावर बेतलेला माणूस आधी काय लिहील? 'वाचवा'. यांनी ते चौथ्या वाक्यात लिहिलं. पहिलं वाक्य कामाचं: काय हलवायचं. दुसरं स्वतःच्या कुवतीचं: मी उतरू शकतो. तिसरं सगळ्यात मोलाचं: माझ्याकडे किती वेळ आहे.

तो 'एक तास' नसता तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. कप्तानाला इंधनाचा पत्ता नाही, विमान कधीही पडू शकतं, मग झटपट होणारा एकच उपाय उरतो: बोटी सोडा आणि त्याला पाण्यात उतरू द्या. डेक रिकामा करणं, दोर काढणं, बॉयलरांची वाफ वाढवणं, जहाज वाऱ्याकडे वळवणं, यातलं प्रत्येक काम मिनिटं खातं. तासाभराची हमी मिळाली म्हणून ही कामं विचारात तरी आली. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. मेजर न विचारता उतरले नाहीत. त्या दिवशी बाकीचे वैमानिक सरळ येऊन टेकत होते; हेलिकॉप्टरला ते जमतं. विमान तसं घुसवलं असतं तर भरल्या डेकवर, माणसांमध्ये, इंधन भरलेल्या यंत्रांमध्ये काय झालं असतं हे सांगायला नको. डेकवर आग लागली की काय होतं ते अमेरिकी नौदलाला चांगलं ठाऊक होतं: आठच वर्षांपूर्वी, जुलै १९६७ मध्ये, 'फॉरेस्टल'वरच्या आगीत १३४ जण गेले होते.

कोणते पर्याय होते

जहाजावरच असलेल्या ॲडमिरलांचा कल पाण्यात उतरवण्याकडे होता. विमान जहाजाजवळ समुद्रावर टेकवावं, बोटीने माणसं उचलावीत. ऐकायला हा सुरक्षित मार्ग वाटतो आणि जहाजापुरता तो होताही. त्याच दिवशी काही व्हिएतनामी हेलिकॉप्टर वैमानिकांनी माणसं उतरवून यंत्र पाण्यात घातलं होतं आणि स्वतः पोहून निघाले होते.

पण बर्ड डॉगची चाकं मिटत नाहीत. पाण्याला आधी चाकं लागतात, ती पाण्यात रुततात, नाक खाली जातं आणि विमान उलथतं. एकटा वैमानिक पट्टा सोडून बाहेर पडू शकतो. टेहळ्यांनी दुर्बिणीतून पाहून विमानात किमान चार जण आहेत असं कळवलं आणि पाण्याचा पर्याय तिथेच ढासळला. उलटलेल्या, बुडणाऱ्या विमानाच्या मागच्या अरुंद जागेतून लहान मुलं कोण काढणार? शेपूटचाकाची विमानं चालवलेल्या कप्तानाला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कोणी सांगावं लागलं नसणार.

दुसरा पर्याय परत पाठवण्याचा. तो नावालाच. परत कुठे?

तिसरा, जहाजावर आणीबाणीसाठी असणारी नायलॉनची जाळी उभारायची. ती जेट विमानांसाठी, त्यांच्या वजनाच्या आणि वेगाच्या हिशेबाने बनवलेली असते. पंखा फिरत असलेलं हलकं विमान तिच्यात नेऊन अडकवणं म्हणजे मुंगीसाठी मासे पकडायचं जाळं टाकण्यासारखं, आणि तेही आत मुलं असताना. तो नाद न धरणंच बरं.

राहिला चौथा: डेक मोकळा करायचा, दोर काढायचे आणि त्याला चाकांवर, स्वतःच्या ब्रेकने थांबू द्यायचं. हा पर्याय शक्य होता का? गणित मांडू.

बर्ड डॉग उतरताना हवेच्या तुलनेत साधारण ६० नॉट वेगाने येतं असं धरू. एवढी माणसं भरल्यावर त्याहून कमी धरून चालणार नाही. वारा होता १५ नॉट. जहाज उभं राहिलं असतं तर डेकच्या तुलनेत विमानाचा वेग ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. जहाज वाऱ्यावर तोंड करून २५ नॉटने पळालं तर डेकवरचा वारा ४० नॉट होतो आणि विमान डेकच्या तुलनेत फक्त २० नॉटने येतं. ताशी ३७ किलोमीटर. बाजारपेठेतून सुटलेली रिक्षा. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे ४५ चे २० झाले की काम जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येतं. हुकाची उणीव जहाजाचं इंजिन भरून काढणार होतं.

या गणितात एक खोच आहे. जहाजाच्या मागे हवा सपाट राहत नाही. डेकवरून आणि उंच मनोऱ्याभोवतून आलेला वारा जहाजाच्या मागच्या कडेवरून खाली कोसळतो. जहाज जितकं जोरात पळेल तितका हा खड्डा खोल. वजनदार जेट त्यातून इंजिनाच्या जोरावर निघून जातं. हलकं विमान ऐन कडेपाशी खाली खेचलं जाऊ शकतं. म्हणजे जो वारा विमानाला थांबवणार, तोच ते पाडूही शकत होता. त्यात डेक तिरपा, जहाजाच्या मध्यरेषेशी सुमारे १३ अंश वळलेला. सगळा वारा जहाजाच्या चालीतून तयार झाला तर तो धावपट्टीला सरळ लागत नाही, उजवीकडून थोडा आडवा लागतो. शेपूटचाकाच्या विमानाला आडव्या वाऱ्याचं वावडंच.

काय केलं

चेंबर्सनी उतरवायचं ठरवलं. मग कामं एकावर एक पडत गेली.

त्यांनी इंजिनघराला २५ नॉट मागितले. मुख्य अभियंत्याकडून उत्तर आलं की एवढी वाफ हाताशी नाही. तेव्हा दिवे, पंखे, स्वयंपाकघर, वातानुकूलन असा जहाजाच्या घरगुती विजेचा भार आणीबाणीच्या डिझेल जनित्रांवर टाकायचा हुकूम झाला, म्हणजे वाफ जहाजाला पुढे ढकलणारे पंखे फिरवायला मिळेल. मला हा निर्णय हेलिकॉप्टरं ढकलण्यापेक्षा जास्त आवडतो. तो कॅमेऱ्यात दिसत नाही, पण मागितलेला वेग त्यानेच मिळाला.

डेकवरचे पोलादी दोर काढायला सांगितलं. 'एअर बॉस', म्हणजे डेकवरच्या सगळ्या उड्डाणांचा कारभार बघणारा अधिकारी, त्याला सांगितलं की माणसं गोळा कर. स्वयंसेवकांसाठी हाक गेली आणि हुद्दा, खातं न बघता मिळेल तो खलाशी वर आला. जी हेलिकॉप्टरं पटकन बाजूला घेता येत होती ती घेतली. जी नव्हती ती माणसांनी हाताने रेटत कडेपर्यंत नेली आणि समुद्रात लोटली. अंदाजे एक कोटी डॉलरचा माल. एवढं होईपर्यंत आणखी पाच ह्यूई येऊन डेकवर बसल्या. नुकती झाडलेली ओसरी पुन्हा भरली. त्यांतली माणसं उतरवली आणि त्याही पाण्यात.

आपल्याकडे कचेरीतली मोडकी खुर्ची निर्लेखित करायची तर तीन सह्या आणि एक समिती लागते. अमेरिकी नौदलातही कागद कमी नसतात. किती हेलिकॉप्टरं गेली ते चेंबर्सनी मोजलं नाही; कोर्ट मार्शलची भीती त्यांच्या मनात होती हे पुढे त्यांनीच सांगितलं आहे.

हवा वाईटच होती. ढग ५०० फुटांवर, पाच मैलांपर्यंत दिसत होतं, बारीक पाऊस. जहाजामागच्या खाली कोसळणाऱ्या वाऱ्याचा इशारा इंग्रजीत आणि व्हिएतनामीत रेडिओवरून नुसताच सोडून दिला. ऐकू जातोय की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

मेजर आले. मागची कडा ओलांडली, मध्यरेषेवर, नेहमीची विमानं टेकतात बरोब्बर त्याच जागी टेकले. एक उसळी घेतली, पुन्हा चाकांवर आले आणि मनोऱ्याच्या बरोबरीला येऊन थांबले. पुढे जागा शिल्लक होती. हुक असता तर तिसरा दोर पकडला असता असं जहाजावरची माणसं नंतर सांगत. जहाजावर उतरणाऱ्यांच्या जगात तिसरा दोर म्हणजे शाबासकीच.

डेकवरचे लोक विमानाकडे धावले. हात उंचावून आरडाओरडा तर होताच, पण धावण्याला दुसरंही कारण होतं: ४० नॉटच्या वाऱ्यात एवढंसं विमान उभं राहिलं तरी ते सुटलेलं नसतं, वारा त्याला उचलू शकतो. हे भय जुनं आहे. ऑगस्ट १९१७ मध्ये एडविन डनिंग या ब्रिटिश वैमानिकाने 'फ्युरियस' या चालत्या जहाजावर पहिल्यांदा विमान उतरवलं तेव्हाही सोबत्यांनी धावत जाऊन 'सॉपविथ पप'ला हातांनी धरलं होतं. पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना त्याचं विमान कडेवरून समुद्रात गेलं आणि तो वाचला नाही. हलकं विमान, जोराचा वारा, आखूड डेक: ५८ वर्षांनीही मामला तोच होता.

निष्पत्ती

सातही जण सुखरूप. जहाजावरच्या खलाशांनी या कुटुंबासाठी आपसांत पैसे जमवले आणि पुढे ते अमेरिकेत स्थायिक झालं. चेंबर्सवर खटला झाला नाही. ते रिअर ॲडमिरल होऊन निवृत्त झाले. या मोहिमेनंतर 'मिडवे'ने थायलंडमधून दक्षिण व्हिएतनामची शंभरहून अधिक विमानं चढवून गुआमला नेली. म्हणजे ज्या डेकवरून हेलिकॉप्टरं पाण्यात लोटली होती, त्याच डेकवर काही दिवसांत वाचवलेल्या विमानांची दाटी झाली. ताळेबंद मांडणाऱ्याने दोन्ही रकाने भरावेत.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला, असं म्हणून चालत नाही. विमान कडेवर आपटलं असतं तर आज हेच प्रकरण 'कप्तानाने ॲडमिरलांचं का ऐकलं नाही' या शीर्षकाखाली वाचलं असतं. म्हणून हाताशी काय माहिती होती तेवढ्यावर बोलू.

पाण्याचा पर्याय सोडणं मला वादातीत वाटतं. तो जहाजाला सुरक्षित होता, विमानातल्यांना नाही, आणि टेहळ्याने माणसं मोजल्यावर त्यात संशयाला जागा उरली नव्हती. इथे खरं काम त्या टेहळ्याचं. त्याने नुसतं 'विमान दिसतंय' असं कळवून थांबला असता तर? आत किती जण आहेत हे बघायला कोणी सांगितलं की त्याने आपणहून पाहिलं, दोन्ही परींनी त्या एका आकड्याने चर्चेची दिशा बदलली.

ॲडमिरल आणि कप्तान यांच्यातल्या मतभेदाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पुष्कळ जण त्याला बंडखोरी म्हणून रंगवतात. जहाजाच्या डेकवर काय उतरेल याची जबाबदारी कप्तानाची असते; ॲडमिरल ताफ्याचा विचार करतो. चेंबर्सनी आपल्या कक्षेतला निर्णय घेतला, फक्त त्याची किंमत स्वतः मोजायची तयारी ठेवून. हेलिकॉप्टरं न मोजणं मात्र मला पटत नाही. त्यामागची धास्ती समजते, पण काय गेलं, कशासाठी गेलं हे त्याच संध्याकाळी स्वच्छ लिहून ठेवलं असतं तर निर्णयाची बाजू भक्कमच झाली असती. आकडा आजही अंदाजावर राहिला तो त्यामुळे.

डेकचं काय? सकाळपासून व्हिएतनामी वैमानिक हाती लागेल ते यंत्र घेऊन समुद्राकडे येत होते. उद्या एखादं छोटं विमानही येईल हा अंदाज अगदीच अशक्य नव्हता. रिकाम्या ह्यूई उतरल्या की लगेच एका बाजूला दाटीने लावायच्या आणि तिरप्या डेकची एक पट्टी मोकळी ठेवायची, असा दंडक आधी घातला असता तर शेवटची ढकलाढकल निम्म्यावर आली असती. अर्थात हे मी पंख्याखाली बसून लिहितो आहे. तिथे दर काही मिनिटांनी माणसांनी भरलेलं हेलिकॉप्टर येत होतं.

संपर्काची बाजू सर्वांत लंगडी. मेजरांच्या दोन चिठ्ठ्या वाया गेल्या, आणि दर खेपेला जहाजाजवळून इतक्या खालून जाणं हीच एक जोखीम. पहिल्याच चिठ्ठीला जड वस्तू बांधली असती तर घिरट्या वाचल्या असत्या. जहाजाकडूनही रेडिओवर न कळणारा इशारा देण्याखेरीज दिव्यांनी किंवा डेकवर ठळक अक्षरांत काही सांगता आलं असतं. 'ये' एवढं तरी. मेजरांना उतरायची परवानगी कळली ती मोकळा झालेला डेक बघूनच, असं मला वाटतं. तो निरोप म्हणून पुरेसा होता, पण खाली कोसळणाऱ्या वाऱ्याचा इशारा त्यात मावत नाही.

तुलनेसाठी एक नियोजित उतरण आठवते. १९६३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकी नौदलाने 'सी-१३०' हे चार इंजिनांचं मालवाहू विमान 'फॉरेस्टल'वर हुकाशिवाय २१ वेळा पूर्ण थांबवून दाखवलं. पंख ४० मीटरचे. पंखाचं टोक आणि मनोरा यांत साडेचार मीटरहून कमी अंतर. त्या विमानाचे ब्रेक सुधारले होते, पंखांखालची, दुसऱ्या विमानांना हवेत इंधन पुरवायची साधनं काढली होती, वैमानिकाने आधी जमिनीवर सराव केला होता. साडेअडतीस टन वजनाला ते ८१ मीटरमध्ये थांबलं. विमानाच्या अंगावर 'आई, बघ, हुक नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ रंगवली होती. सगळं यशस्वी होऊनही नौदलाने हे रोजच्या वापरासाठी धोक्याचं ठरवलं आणि विषय मिटवला. 'मिडवे'वर यातली कुठलीच तयारी नव्हती, पण तत्त्व एकच होतं: डेक मोकळा, मध्यरेषा दिसती आणि समोरून भरपूर वारा. या तीन गोष्टी तासाभरात जुळवून आणल्या, एवढंच चेंबर्स आणि त्यांच्या माणसांच्या हातात होतं. उरलेलं मेजरांच्या हातात.

ते बर्ड डॉग आज फ्लोरिडात पेन्साकोला इथल्या नौदल हवाई संग्रहालयात आहे. चिठ्ठीही तिथेच आहे. घाईचं हस्ताक्षर, 'हेलिकॉप्टर' हा शब्द एकवचनात, आणि शेवटी सहीसारखी ओळ, तिच्यात 'फाइव्ह चिल्ड्रेन'च्या जागी 'फाइव्ह चाइल्ड'.